भेटायला कुणी येत नाही असा आजार

विदर्भातल्या कोणत्याही खेड्यात कुणी दवाखान्यात भरती झाले की त्याला भेटायला जाण्याची रीत आहे. वावरातून परतताना बाया डोक्यावरचा भारा खाली टेकवून आधी त्या घरी डोकावतात, कुणी पेलाभर दूध आणते, कुणी चार अंडी, आणि ज्याला सवड नाही तोही ओट्याशी थांबून ‘आता कसं हाये?’ एवढे विचारून जातो. पाय मोडला, साप चावला, मुतखडा झाला, अगदी कॅन्सर निघाला तरी ही रीत मोडत नाही. एका आजारात, म्हणजे मानसिक आजारात, मात्र ती मोडते. वीस-बावीस वर्षांचा मुलगा रात्र-रात्र जागू लागतो, भिंतीशी बोलू लागतो, आईने वाढलेल्या ताटात विष कालवले आहे म्हणून ते ताट उकिरड्यावर नेऊन फेकतो, आणि एके दिवशी त्याला जीपमध्ये घालून नागपूरला नेतात. तेव्हा गल्लीतले प्रत्येक दार अर्धवट उघडून पाहत असते. परत आल्यावर मात्र कुणी भेटायला येत नाही. त्याहून वाईट म्हणजे, कुणी येऊ नये अशीच त्याच्या मायबापांची इच्छा असते.

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका मोठ्या खेड्यात मी जवळजवळ तीस वर्षे शिक्षक म्हणून काढली. त्या काळात असा आजार शिरलेली चार-पाच घरे मी जवळून पाहिली, आणि त्यांच्याविषयी बाहेरची माणसे काय बोलतात तेही ऐकले. बोलण्याचा रोख बहुतेक वेळा मायबापांकडे असतो: लपवू नका, भगताकडे जाऊ नका, अज्ञान सोडा, वेळेवर उपचार घ्या. हा उपदेश चुकीच्या दाराशी जातो असे माझे म्हणणे आहे. लपवणे हे त्यांच्या अज्ञानाचे लक्षण नाही. आजार उघड झाला तर गाव काय किंमत वसूल करते हे त्यांना पक्के ठाऊक असते आणि तिचा हिशोब मांडूनच ते गप्प बसतात. ही किंमत कमी करणे त्यांच्या हातात नाही. ते गावाच्या, डॉक्टरांच्या आणि सरकारच्या हातात आहे, आणि या तिघांनी ते काम आजवर मायबापांच्याच गळ्यात टाकले आहे.

ती किंमत कोणती, हे नीट पाहिले पाहिजे. माझ्या एका माजी विद्यार्थ्याचे घर मला आठवते. मुलगा बारावीनंतर वर्षभरात आजारी पडला, तेव्हा त्याच्या पाठची बहीण लग्नाला आलेली होती. स्थळ पाहणारे पाहुणे आधी घरी येतच नाहीत. ते एसटी स्टँडजवळच्या पानठेल्यावर थांबून चौकशी करतात. जमीन किती, विहिरीला पाणी कसे, आणि सर्वांत शेवटी, आवाज खाली आणून, ‘घरान्यात कोनाले काही हाये का?’ त्या एका प्रश्नावर या घराची तीन स्थळे परत गेली. तेव्हा बापाने ठरवले की पोरगी उजवेपर्यंत पोराला कोणत्याही मोठ्या दवाखान्यात न्यायचे नाही. पाहुणे यायचे त्या दिवशी मुलाला वावरातल्या कोठ्यात नेऊन बसवायचे आणि धाकट्या काकाने त्याच्याजवळ थांबायचे, अशी व्यवस्था ठरली. मुलीचे लग्न पार पडायला दोन वर्षे लागली. तेवढी दोन वर्षे मुलगा बिनउपचाराचा राहिला.

या बापाला कुणी निर्दय म्हणावे असे मला वाटत नाही. दोन लेकरांपैकी एकाचे आयुष्य तरी मार्गी लागावे म्हणून त्याने दुसऱ्याचे थांबवले, आणि हा सौदा त्याच्यासमोर गावाने मांडला होता. स्किझोफ्रेनियासारखा, भास आणि भ्रम होणारा आजार मुलग्यांमध्ये बहुतेक वेळा सतरा-अठरा ते पंचवीस या वयात सुरू होतो, मुलींमध्ये काही वर्षांनी उशिरा. म्हणजे घरात सोयरिकी जुळवण्याचा जो काळ, नेमका त्याच काळात. पहिल्या लक्षणांपासून औषध सुरू होईपर्यंत जितका अधिक काळ जातो, तितके पुढचे बरे होणे अवघड होते, हे मानसोपचारात आता चांगले प्रस्थापित झाले आहे. खेड्यातली लाज थेट याच काळावर घाला घालते.

मुलगी आजारी असली तर हिशोब आणखी क्रूर होतो. तिचा आजार दडवून लग्न उरकले जाते, कारण ‘लगन झालं का डोकं ठिकानावर येते’ असे शहाणी म्हणवणारी माणसेही सांगतात. नव्या घरात, अपुऱ्या झोपेत, बंद पडलेल्या गोळ्यांमुळे आजार उसळतो आणि सहा महिन्यांत तिला माहेरी आणून सोडले जाते. मग फसवणुकीचा ठपकाही मायबापांवरच येतो. तो सर्वस्वी खोटा नसतो, हेही मान्य केले पाहिजे. पण खरे सांगून जिचे लग्न होऊच शकत नाही असे ज्यांना वाटते, त्यांच्याकडून खरेपणाची अपेक्षा आपण कोणत्या बळावर करतो?

दोषाची वाटणीही सारखी होत नाही. बाप ‘बिचारा’ ठरतो आणि आई गुन्हेगार. गर्भार असताना तिने गरान, म्हणजे ग्रहण, पाळले नव्हते, दिवेलागणीला ती चिंचेखालून गेली होती, तिने पोराला लाडावून ठेवले किंवा उलट त्याला कधी जवळ घेतले नाही. आणि काहीच सापडले नाही तर ‘हे मामाच्या घरचं रगत हाये’. अशी शेरेबाजी करणारी सासू अडाणी आहे म्हणून आपण तिला हसण्याआधी हे आठवावे की मानसोपचारशास्त्राने स्वतःच काही दशके हेच केले होते. फ्रीडा फ्रॉम-राइशमन या नामांकित मनोविश्लेषकांनी १९४८ साली ‘स्किझोफ्रेनिया निर्माण करणारी आई’ असा शब्दप्रयोग रूढ केला, आणि पुढे अमेरिकेत असंख्य मातांना मुलांच्या आजाराबद्दल डॉक्टरांच्या खोलीत बसून आरोपीसारखी उत्तरे द्यावी लागली. मानसोपचारतज्ज्ञ लिओनार्ड हेस्टन यांनी १९६६ साली अमेरिकेच्या ओरेगॉन राज्यातला अभ्यास प्रसिद्ध केला, तेव्हा या कल्पनेला पहिला मोठा तडा गेला. स्किझोफ्रेनिया असलेल्या मातांपासून जन्मानंतर लगेच वेगळी केलेली आणि इतरत्र वाढलेली ४७ मुले त्यांनी मोठेपणी तपासली. त्यांपैकी ५ जणांना तो आजार झालेला होता, तर तशाच परिस्थितीत वाढलेल्या, पण निरोगी मातांच्या ५० मुलांपैकी एकालाही नव्हता. आईच्या वागण्याचा वाराही न लागलेल्या मुलांत आजार उतरत असेल, तर तिच्या वागण्याला दोष देण्यात अर्थ उरत नाही.

यावर ‘म्हणजे रक्तातच आहे तर’ असे कुणी म्हणेल, आणि पानठेल्यावरच्या प्रश्नाला शास्त्राचा शिक्का मिळाल्यासारखे होईल. ते तसे नाही. अगदी एकसारख्या जुळ्या भावंडांत एकाला हा आजार असला तरी दुसऱ्याला तो होतोच असे नाही; निम्म्याहून अधिक वेळा होत नाही. आजारी असलेल्यांपैकी बहुतेकांच्या आईवडिलांना तो कधीच झालेला नसतो. आनुवंशिकता ही अनेक कारणांपैकी एक आहे, तशी ती मधुमेहातही आहे, आणि मधुमेह असलेल्या बापाच्या मुलीची सोयरिक मोडल्याचे मी अजून ऐकलेले नाही.

भगताविषयीही थोडे थांबून बोलायला हवे, कारण तिथे आपण फार लवकर निकाल देतो. ज्या घरांची मी गोष्ट करतो आहे त्यांपैकी प्रत्येक घर आधी भगताकडे गेले होते. का गेले, हे मला एका आईनेच समजावून सांगितले. भगत म्हणाला, ‘बाई, तुह्या पोरावर करनी हाये, वावराच्या धुऱ्यावरून कोनी केली.’ या एका वाक्याने कारण घराबाहेर गेले. ती आई निर्दोष सुटली. नंतर ती तालुक्याच्या ठिकाणी डॉक्टरांकडे गेली, तेव्हा त्यांनी मान वर न करता विचारले की घरात आणखी कुणाला आहे का, लहानपणी मारझोड होत होती का, नवऱ्याला दारू आहे का. डॉक्टरांना हे प्रश्न विचारावेच लागतात. पण तिला ते प्रश्न सासूच्या तोंडून आल्यासारखे ऐकू आले. भगत लुबाडतो, चटके देतो, प्रसंगी मारतो, आणि महाराष्ट्रात २०१३ पासून जादूटोणाविरोधी कायदा आहे म्हणून त्याच्या अघोरी प्रकारांवर गुन्हाही दाखल होऊ शकतो. तो झालाही पाहिजे. तरी त्याच्याकडची गर्दी केवळ कायद्याने ओसरणार नाही. त्याच्याकडे जे मिळते, म्हणजे ‘तुझे काही चुकलेले नाही’ हा शब्द, तो दवाखान्यात पहिल्याच भेटीत मिळाला पाहिजे. प्रश्न विचारण्याआधी मिळाला पाहिजे. त्याला पैसे लागत नाहीत, यंत्र लागत नाही, दोन मिनिटे लागतात.

इथे मला माझीही चूक लिहिली पाहिजे. वर सांगितलेल्या त्या विद्यार्थ्याचा बाप पहिल्यांदा माझ्याकडे आला, तेव्हा मी त्याला विचारले होते, ‘घरात काही ताण होता का? तुम्ही अभ्यासासाठी फार मागे लागला होता का?’ मला वाटले मी समजूतदारपणे बोलतो आहे. तो खाली पाहत राहिला आणि पायाच्या अंगठ्याने माती उकरत राहिला. त्यानंतर दीड वर्ष तो माझ्या घराकडे फिरकला नाही.

मानसिक आजार आणि इतर आजार यांच्यात समाज करतो तो भेद कायद्याच्या पुस्तकातही सापडतो. हिंदू विवाह कायदा १९५५ चा. विवाहाच्या अटींत वेडासोबत फेफऱ्याचाही उल्लेख होता. तो १९९९ साली वगळला गेला. घटस्फोटाच्या कारणांत कुष्ठरोग होता. तो २०१९ साली वगळला गेला. मानसिक आजार दोन्ही ठिकाणी आजही उभा आहे. प्रत्येक मानसिक आजार तेवढ्यावर घटस्फोटाचे कारण ठरत नाही, आजाराचे स्वरूप आणि त्याची तीव्रता पाहावी लागते, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८८ मध्येच स्पष्ट केले. पण पानठेल्यावर निकालपत्रे वाचली जात नाहीत. दुसरीकडे, मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ मध्ये संमत झाला आणि मे २०१८ पासून लागू झाला. तो अतिशय चांगला कायदा आहे. सरकारी खर्चाने चालणारे उपचार मिळण्याचा हक्क तो देतो, शारीरिक आजारासारखाच मानसिक आजाराचाही विमा असावा असे सांगतो, आणि रुग्णाला कोणत्याही प्रकारे साखळीने बांधून ठेवण्यास मनाई करतो. या शेवटच्या तरतुदीमागे तमिळनाडूतल्या एरवाडीची आठवण आहे, जिथे ऑगस्ट २००१ मध्ये एका आश्रयगृहाला आग लागली आणि साखळ्यांनी बांधलेले २८ जण जळून मेले.

पण बांधणारा हात नेहमी आश्रमचालकाचा नसतो. वावरात सोंगणी सुरू असताना, दोघांनीही मजुरीला गेल्याशिवाय चूल पेटत नाही अशा घरात, विहिरीकडे धावणाऱ्या पोराला बाजेला सोलाने, म्हणजे दोराने, बांधून जाणारी आईसुद्धा मी पाहिली आहे. तिने सोलाखाली जुन्या लुगड्याची घडी घातली होती, कातडी सोलू नये म्हणून. कायदा तिला सांगतो की हे करू नकोस, आणि कायद्याचे म्हणणे बरोबर आहे. त्या आठ तासांत पोराजवळ कोण बसेल, हे मात्र तिला कुणी सांगत नाही.

सरकारी व्यवस्थेचे चित्र सर्वांना ठाऊक आहे, म्हणून त्यावर थोडक्यातच लिहितो. नागपूरचे प्रादेशिक मनोरुग्णालय १८६४ सालचे. ठाणे, पुणे, रत्नागिरी आणि नागपूर अशा चार जुन्या मनोरुग्णालयांपैकी विदर्भाच्या ११ जिल्ह्यांच्या वाट्याला हे एकच. राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम १९८२ चा आणि जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम १९९६ चा, म्हणजे सेवा जिल्ह्यापर्यंत आणि तिथून खाली नेण्याचा विचार नवा नाही. तरीही २०१५-१६ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात वेगवेगळ्या मानसिक आजारांत उपचार न मिळणाऱ्यांचे प्रमाण ७० ते ९२ टक्के निघाले. गडचिरोली जिल्ह्याच्या टोकाला असलेल्या सिरोंच्याच्या माणसाला जिल्ह्याचे गावच दोनशे किलोमीटर पडते. महिन्याच्या गोळ्यांसाठी दोघांचे भाडे, दोघांची बुडालेली मजुरी, आणि ‘कुठी चालले?’ या प्रत्येक थांब्यावरच्या प्रश्नाला नवे खोटे उत्तर. लाजेचा आणि अंतराचा असा गुणाकार होतो. रिस्पेरिडोन, हॅलोपेरिडॉल, लिथियम ही औषधे देशाच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहेत. ती प्राथमिक आरोग्य केंद्रात, रक्तदाबाच्या गोळीच्या शेजारच्याच खिडकीत, त्याच रांगेत मिळू लागली तर पैशापेक्षा मोठी गोष्ट वाचेल. वेगळ्या दाराने जाणाऱ्याकडे गाव पाहते. रक्तदाबाच्या रांगेतल्या माणसाकडे कुणी पाहत नाही.

‘पण भीती खरी असते’ असा आक्षेप मी अनेकदा ऐकला आहे, आणि तो टाळण्यासारखा नाही. औषध नसलेल्या, भ्रमाच्या भरातल्या माणसाने कुणावर हात उगारल्याची उदाहरणे गावात असतात, आणि बहुतेक वेळा तो हात आधी आईवरच पडलेला असतो. ते ती सांगत नाही. पडले म्हणते, बैलाने ढुसणी मारली म्हणते. पण अशी उदाहरणे थोडी आहेत, त्यांतली बरीचशी उपचाराअभावी घडतात, आणि अशा रुग्णांकडून जितकी हिंसा होते त्याहून अधिक त्यांच्यावर होते. भीती वाटणाऱ्या शेजाऱ्याने उपचार लवकर सुरू व्हावेत म्हणून मदत करायला हवी. तो मात्र दार लावून घेतो आणि ज्या गोष्टीला भितो तीच वाढवतो.

हे बदलणार नाही असे ज्यांना वाटते त्यांनी आपल्याच मातीत पाहावे. एकेकाळी याच विदर्भात महारोग्याला गावकुसाबाहेर काढले जात होते, त्याच्या भावंडांची लग्ने मोडत होती आणि घराण्याला बट्टा लागत होता. सेवाग्रामला गांधीजींनी महारोग झालेल्या परचुरे शास्त्रींना आश्रमात ठेवून घेतले आणि स्वतःच्या हातांनी त्यांची शुश्रूषा केली. वर्ध्याजवळ दत्तपूरला मनोहर दिवाणांनी, अमरावतीला शिवाजीराव पटवर्धनांनी आणि १९४९ पासून वरोऱ्याला बाबा आमट्यांनी आपले आयुष्य त्यासाठी लावले. पुढे प्रभावी औषधे आली आणि आजार बरा होतो हे लोकांनी डोळ्यांनी पाहिले. यात एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. या माणसांनी रुग्णाला किंवा त्याच्या बापाला ‘लाज सोड’ असे सांगत बसण्याआधी स्वतः त्याच्या जखमेला हात लावला. प्रतिष्ठा असलेला माणूस शेजारी जाऊन बसला आणि लाज उतरू लागली. मात्र त्यातली वेगळ्या वसाहतींची वाट मानसिक आजाराला लागू पडू नये असेच मी म्हणेन. तेव्हा गावच दार उघडत नव्हते म्हणून ती पत्करावी लागली. आज औषधे गावात देता येतात, तेव्हा रुग्ण गावातच राहिला पाहिजे.

गावातल्या गावात काम होऊ शकते याचा अलीकडचा दाखलाही जवळचाच आहे. गोव्याच्या ‘संगाथ’ संस्थेने अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत ‘विश्राम’ हा कार्यक्रम राबवला. तो मुख्यतः नैराश्यासाठी होता, स्किझोफ्रेनियासाठी नव्हे, हा फरक लक्षात ठेवूनच त्याच्याकडे पाहावे. गावातलीच माणसे प्रशिक्षण घेऊन घरोघरी बोलू लागली, बैठका घेऊ लागली, आणि नैराश्य असलेल्यांपैकी मदत घेणाऱ्यांचे प्रमाण १८ महिन्यांत ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेले. गाव तेच होते, दारिद्र्य तेच होते, कापसाचे भावही काही सुधारले नव्हते. बोलणारे माणूस ओळखीचे होते, एवढा फरक.

मायबापांची सगळ्यात खोल चिंता मात्र यापलीकडची आहे: ‘आमच्या मागं याचं काय?’ अपंगत्वाच्या २०१६ च्या कायद्यात मानसिक आजाराचा समावेश आहे. प्रमाणपत्र मिळू शकते आणि त्यावर निराधार योजनेचे पैसे मिळण्याची वाट खुली होते. तरी कितीतरी घरे अर्जच करत नाहीत, कारण त्या कागदावर आजाराचे नाव छापलेले असते आणि तो कागद तलाठ्यापासून ग्रामपंचायतीच्या शिपायापर्यंत सर्वांच्या हातून फिरतो. ज्या पैशावर त्यांचा हक्क आहे तो ते लाजेपोटी सोडून देतात. आशाताईंनी किंवा ग्रामसेवकांनी हे अर्ज घरी बसून भरून घ्यावेत आणि ते बंद पाकिटात पुढे जावेत, इतकी साधी सोय करायला कोणत्या शासन निर्णयाची वाट पाहायची आहे, मला कळत नाही.

ज्या घराची गोष्ट मी सुरुवातीला सांगितली, तिथे मी गेल्या पोळ्याच्या आधी गेलो होतो. मुलगा आता तिशीपलीकडचा आहे. औषध सुरू आहे, सकाळी बापाबरोबर वावरात जातो, ओलिताचे पाइप हलवतो, दुपारनंतर थकतो. मी बहिणीची, पिकाची चौकशी केली आणि मग, जसे मधुमेह असलेल्या माणसाला विचारावे तसे, विचारले, ‘सध्या गोळी कोणती सुरू आहे?’ त्याची आई क्षणभर माझ्याकडे पाहतच राहिली. मग ती आत गेली आणि ज्वारीच्या कोठीमागून एक जुना कुंकवाचा डबा घेऊन आली. त्यात गोळ्या होत्या, पट्टीतून एकेक सोडवून वर्तमानपत्राच्या कागदात बांधलेल्या, म्हणजे केरात रिकामी पट्टी कुणाच्या नजरेस पडू नये. इतकी वर्षे ती असेच करत आली होती. तिने पुडी सोडली, एक गोळी तळहातावर घेऊन मला दाखवली आणि म्हणाली, ‘हे सकाळची, अन् हे अर्धी राती. गुरुजी, पैल्यांदाच कोनी इचारलं.’